‘कलर’ म्हटलं की डाव का संपतो? ब्लफ-बोलीचे पूर्ण नियम

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा जण मिळून पत्त्यांचा ब्लफ-बोली खेळतात. प्रत्येकाकडे थोडे पत्ते, आणि बोली (म्हणजे ‘टेबलावर अमुक पत्ते आहेत’ हा दावा) मात्र सगळ्यांचे पत्ते एकत्र धरून. नियम तोंडोतोंडी आलेले असल्यामुळे दर बैठकीला वाद होतात. शिवाय अर्धा खेळ झाला की प्रत्येक डाव सारखाच जातो. कुणीतरी ‘कलर’ (एकाच रंगाचे पाच पत्ते) म्हणतं, पुढच्याला ‘शो’ (पत्ते उघडा) म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि बहुतेक वेळा कलर निघतोच. चूक कुठे होते आहे?

खेळणाऱ्यांची चूक नाही. पोकरमधली क्रमवारी या खेळात जशीच्या तशी उचलल्याचा हा परिणाम आहे. त्याचं गणित पुढे मांडलं आहे, पण आधी नियम सुरुवातीपासून नीट लावून घेऊ, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात.

एक खुलासा. आपल्याकडे ‘ब्लफ’ म्हटलं की पत्ते उपडे टाकत ‘तीन राण्या’ म्हणायचा खेळ आधी आठवतो. हा तो नाही. इथे पत्ता टाकायचाच नसतो. तो शेवटपर्यंत हातात राहतो आणि सगळा खेळ बोलीवर चालतो. याचं खरं भावंड फाशांवरचं आहे: दक्षिण अमेरिकेत दूदो किंवा पेरुदो म्हणतात तो, पेल्याखाली फासे झाकून खेळायचा खेळ.

मांडणी

दोन ते आठ जण खेळू शकतात. चार ते सहा असले की रंगत सर्वांत चांगली येते. चार जणांपर्यंत २४ पत्ते घ्यावेत, म्हणजे नव्वीपासून एक्क्यापर्यंत. त्याहून जास्त जण असतील तर पूर्ण ५२ पत्त्यांची कॅट. जोकर काढून ठेवा. हिशेब सोपा आहे: एका भिडूकडे जास्तीत जास्त पाच पत्ते येतात, म्हणून भिडूंची संख्या गुणिले पाच एवढे पत्ते कॅटमध्ये असलेच पाहिजेत. चार जणांना २० लागतात, २४ पुरतात. पाचव्याला २५ लागतील, तिथे २४ ची कॅट संपली.

पहिल्या डावात प्रत्येकाला एकच पत्ता मिळतो. जो डाव हरेल त्याला पुढच्या डावात एक पत्ता जास्त. पाच पत्ते हातात असताना जो पुन्हा हरतो, म्हणजे ज्याला सहावा घ्यावा लागला असता, तो खेळातून बाद. शेवटी उरेल तो जिंकला.

काही जण उलटं खेळतात: सुरुवातीला पाच-पाच पत्ते आणि हरला की एक कमी. तसं खेळता येतं, पण त्यात एक खोट आहे. हरणाऱ्याचे पत्ते कमी होतात, म्हणजे त्याची माहितीही कमी होते आणि तो आणखी हरत जातो. पत्ते वाढवत नेलं की जो मागे पडलाय त्याला टेबलावरचे जास्त पत्ते दिसतात, त्यामुळे सामना शेवटपर्यंत उघडा राहतो. वाढवत जाण्याचीच पद्धत घ्यावी.

प्रत्येक डावानंतर सगळे पत्ते गोळा करून पूर्ण कॅट पुन्हा पिसायची. उरलेल्या गठ्ठ्यातून एक पत्ता काढून हरणाऱ्याला दिला आणि बाकीचे पत्ते तसेच ठेवले, असं करू नये. सगळ्यांचे पत्ते नुकतेच उघडे झालेले असतात.

वाटून झालं की वाटणाऱ्याने मोठ्याने सांगायचं: “टेबलावर एकूण इतके.” हा आकडा संपूर्ण डावाचा पाया आहे, आणि तो लपवायची गोष्ट नाही. त्यानंतर प्रत्येकाने आपले पत्ते मोजून संख्या बोलून दाखवायची. यात दहा सेकंद जातात. हे टाळलं की डाव उघडल्यावर कुणाकडे तरी एक पत्ता जास्त निघतो, आणि मग ती बोली खरी धरायची की खोटी यावर पंधरा मिनिटं जातात. तसं झालंच तर डाव रद्द, आणि ज्याने चुकीची संख्या सांगितली त्याला एक पत्ता.

बोली आणि शो

पहिल्या डावाची सुरुवात कोण करणार ते कॅट काटून ठरवा. पुढे प्रत्येक डाव आधीचा हरलेला भिडू उघडतो. तो बाद झाला असेल तर त्याच्या डावीकडचा.

उघडणारा एक बोली लावतो, उदाहरणार्थ “सत्तींची जोडी”. तिचा अर्थ एवढाच: टेबलावरच्या सगळ्यांच्या पत्त्यांत मिळून किमान दोन सत्त्या आहेत. त्या कुणाकडे आहेत याला महत्त्व नाही. बोलणाऱ्याकडे एकही नसली तरी चालतं.

डावीकडच्या भिडूपुढे दोनच वाटा असतात. एक तर यापेक्षा वरची बोली लावायची, नाहीतर ‘शो’ म्हणायचं. ‘पास’ हा प्रकार नाही.

शो झाला की सगळे पत्ते उघडे करायचे, पण प्रत्येकाने स्वतःसमोरच. मध्ये ढकलून मिसळायचे नाहीत, नाहीतर नंतर शंका आली तर तपासता येत नाही. बोलीतलं सगळं टेबलावर निघालं तर शो म्हणणारा हरला. निघालं नाही तर बोली लावणारा हरला. ज्यांनी आधीच्या बोली लावल्या होत्या त्यांना काही होत नाही, त्या कितीही खोट्या असल्या तरी.

‘किमान’ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. राजांची जोडी म्हटलं आणि तीन राजे निघाले, तर बोली खरी. तिघांतले दोन घेतले की जोडी होतेच. याच न्यायाने फुल हाउस (एकाची तिकडी आणि दुसऱ्याची जोडी) म्हटलं असेल आणि चार राजे नि दोन राण्या निघाल्या, तरी ‘तीन राजे, दोन राण्या’ ही बोली खरी ठरते.

शो कुणी म्हणायचा? फक्त पुढच्या भिडूने, असंच ठेवावं. ‘कुणीही म्हणू शकतो’ असं खेळलं की तिघं एकदम ओरडतात आणि पहिला कोण यावर वाद होतो. त्याहून मोठा तोटा असा की पुढच्या भिडूवरचा दबाव निघून जातो, कारण दुसरं कुणीतरी शो म्हणेल म्हणून तो निर्धास्त बोली चढवतो. हा सगळा खेळ त्या एका माणसाच्या कोंडीवर उभा आहे. ती कोंडी सुटू देऊ नका.

चुकून आधीच्यापेक्षा खालची बोली गेली तर ती परत घेता येते, पण आता शो म्हणता येत नाही. त्याच भिडूने योग्य ती वरची बोली लावायची. नाहीतर खोटं चुकून दाखवून इतरांच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया बघायची सोय होते.

बोलण्यावर बंधन नाही. “माझ्याकडे दोन एक्के आहेत” असं खुशाल सांगा, खरं किंवा खोटं. पत्ता दाखवायला मात्र सक्त मनाई, जाणूनबुजून असो वा चुकून. आणि जे बाद झालेत त्यांनी इतरांचे पत्ते बघत फिरू नये. त्यांच्या चेहऱ्यावरून डाव फुटतो.

बोलीचे प्रकार आणि तुलना

खालून वर जाताना प्रकार नऊ: एकेरी पत्ता, जोडी, दोन जोड्या, तिकडी (एकसारखे तीन), सिक्वेन्स (ओळीने पाच), कलर, फुल हाउस, चौकडी (एकसारखे चार), प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा सिक्वेन्स). ही पोकरची क्रमवारी. यात बदल का करावा ते पुढे येईल. प्रत्येक प्रकारात पत्त्याचं नाव घ्यावंच लागतं. नुसतं “एक जोडी आहे” ही बोली होत नाही.

एकेरी, जोडी, तिकडी आणि चौकडी यांत दुर्री सर्वांत खाली, एक्का सर्वांत वर. दोन जोड्यांत आधी मोठी जोडी बघायची, ती सारखी असेल तर लहान. म्हणून ‘राजे आणि तिर्र्या’ हे ‘राण्या आणि गुलाम’ याच्या वर. फुल हाउसमध्ये आधी तिकडी, मग जोडी.

सिक्वेन्स पाच पत्त्यांचा. त्याचं नाव वरच्या पत्त्यावरून घ्यावं: “नव्वीपर्यंत” म्हणजे पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. एक्का दोन्ही टोकांना चालतो. पंजीपर्यंतचा सिक्वेन्स (एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी) सर्वांत लहान. राणी, राजा, एक्का, दुर्री, तिर्री असं वळण घेता येत नाही. ५२ पत्त्यांत असे दहा सिक्वेन्स होतात, २४ पत्त्यांत दोनच.

कलर म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते. रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, नुसतं लाल-काळं नव्हे. यावरच सर्वांत जास्त भांडणं होतात: कलरवर कलर म्हणता येतो का? दोन्ही पद्धती चालतात, पण सुरुवात करण्याआधी एक ठरवा. चारही रंग समान मानले तर ‘बदामचा कलर’ झाल्यावर पुढच्याला थेट वरच्या प्रकारात जावं लागतं. रंगांना क्रम दिला (किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, चढत्या क्रमाने) तर मधे चार पायऱ्या मिळतात. क्रम देणं बरं. प्युअर सिक्वेन्समध्येही आधी वरचा पत्ता बघायचा, मग हाच रंगांचा क्रम लावायचा. इस्पिकचा एक्क्यापर्यंतचा प्युअर सिक्वेन्स ही शेवटची बोली. तिच्यावर फक्त शो.

दोन जोड्यांत ७८ वेगवेगळ्या बोली आहेत आणि फुल हाउसमध्ये १५६. म्हणजे कुणाला वेळच काढायचा असेल तर ‘राजे-दुर्र्या, राजे-तिर्र्या, राजे-चौक्या’ असं बारीक बारीक पुढे जाता येतं. नियमाने ते बरोबर आहे आणि खेळाच्या दृष्टीने चांगलंही, कारण प्रत्येक बारीक पायरीबरोबर जोखीम पुढच्याच्या गळ्यात जाते.

आता मूळ दुखणं

पोकरची क्रमवारी पाच पत्त्यांच्या एका हातासाठी आहे. पाच पत्त्यांत कोणतीही जोडी सहज येते, पाचही एकाच रंगाचे येणं दुर्मिळ, म्हणून कलर वर. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, टेबलावर पाच नाही, वीस-तीस पत्ते असतात. दोन, जोडीचं नाव घ्यावं लागतं. ‘कोणतीतरी जोडी’ सोपी, पण ‘राजांचीच जोडी’ अवघड. या दोन बदलांनी सगळा क्रम उलटापालटा होतो.

५२ च्या कॅटमधले टेबलावर २० पत्ते असतील, आणि आपले पत्ते अजून पाहिलेले नसतील, तर नाव घेतलेली बोली खरी असण्याची शक्यता अशी:

एक राजा: ८७ टक्के
इस्पिकचा कलर: ६२
राजांची जोडी: ५०
नव्वीपर्यंतचा सिक्वेन्स: ४६
राजे आणि राण्या, दोन जोड्या: २४
राजांची तिकडी: १५
तीन राजे, दोन राण्या: ७
राजांची चौकडी: २ पेक्षा थोडी कमी

कलर जोडीपेक्षाही सोपा! आणि हे आपला हात न बघता. समजा तुमच्याकडे पाच पत्ते आहेत आणि त्यांत तीन इस्पिक. उरलेल्या १५ पत्त्यांत फक्त दोन इस्पिक लागतात. मग कलर खरा असण्याची शक्यता ९१ टक्क्यांवर जाते.

आता डाव कसा जातो बघा. पहिला म्हणतो जोडी. दुसरा, हातात दोन-तीन इस्पिक बघून, सरळ कलर. तिसऱ्याला पोकरच्या क्रमाने फुल हाउसवर जावं लागतं, ज्याची शक्यता ७ टक्के. म्हणून तो शो म्हणतो आणि हरतो. दोन जोड्या, तिकडी, सिक्वेन्स हा सगळा मधला पट्टा, जिथे खरा ब्लफ रंगतो, एका उडीत ओलांडला गेला. प्रश्नातलं दुखणं हेच आहे, आणि भिडू हुशार होत गेले की ते वाढतं.

टेबलावर ३० पत्ते झाले की कलर ९७ टक्के, सिक्वेन्स ८७, राजांची जोडी ८०, तिकडी ४३, फुल हाउस ३४. म्हणजे शेवटी शेवटी तर कलर ही खात्रीचीच बोली होते. उलट १० पत्त्यांवर चित्र वेगळं: एक राजा ५९, जोडी १६, कलर ६, सिक्वेन्स ४, दोन जोड्या आणि तिकडी दोन्ही २ च्या आसपास.

उपाय दोन. पहिला आणि चांगला म्हणजे क्रमच बदला. ५२ पत्त्यांसाठी असा ठेवा: एकेरी, जोडी, कलर, सिक्वेन्स, दोन जोड्या, तिकडी, फुल हाउस, चौकडी, प्युअर सिक्वेन्स. दहा पत्त्यांवर हा क्रम अवघडपणाशी तंतोतंत जुळतो, आणि वीसवर फक्त जोडी आणि कलर यांची अदलाबदल होते, ती खपून जाते. कलर खाली आणल्यामुळे त्याच्यावर चढायला सिक्वेन्स आणि ७८ दोन जोड्या मिळतात, आणि कोंडी हळूहळू आवळत जाते.

ज्यांना पोकरचा क्रम सोडवत नाही त्यांनी कलर सात पत्त्यांचा करावा. वीस पत्त्यांवर सात इस्पिक निघण्याची शक्यता १६ टक्के आहे, म्हणजे तिकडीच्या शेजारी. पण टेबल ३० वर गेलं की हाही कलर फारच सोपा होतो, म्हणून पहिला उपाय अधिक टिकाऊ.

२४ पत्त्यांत मात्र कलर खाली आणू नका. तिथे एका रंगाचे सहाच पत्ते असतात, त्यांतले पाच यायला हवेत. टेबलावर १२ पत्ते असताना ती शक्यता फक्त ८ टक्के. याउलट राजापर्यंतचा सिक्वेन्स ७७ टक्के, जोडी ७०, दोन जोड्या ४७, तिकडी ३०, फुल हाउस १८, चौकडी ५. म्हणून २४ च्या कॅटला क्रम असा: एकेरी, जोडी, दोन जोड्या, सिक्वेन्स, तिकडी, फुल हाउस, कलर, चौकडी, प्युअर सिक्वेन्स. सिक्वेन्स आणखी खाली न्यायला हरकत नाही, पण तिथे तो दोनच पायऱ्यांचा असल्याने फारसा उपद्रव करत नाही.

क्रम कोणताही घ्या, तो कागदावर लिहून टेबलाच्या मध्ये ठेवा. पाठ आहे म्हणणाऱ्यांतच वाद होतात.

शो म्हणायचा की चढवायचं

नवशिक्या स्वतःला विचारतो, “ही बोली खरी असेल का?” हा अर्धाच प्रश्न आहे. शो म्हटला तर बोली खरी निघाल्यावर तुम्ही हरता. चढवलं तर तुम्ही तेव्हाच हरता जेव्हा पुढचा शो म्हणतो *आणि* तुमची बोली खोटी निघते. या दोन धोक्यांची तुलना करायची.

समजा समोरची बोली खरी असण्याची शक्यता तुम्ही ४० टक्के धरली. शो म्हटला तर हरण्याचा धोका ४० टक्के. चढवून जी बोली तुम्ही लावाल ती २५ टक्केच खरी, म्हणजे ७५ टक्के खोटी. पण पुढचा भिडू दोनदा संधी मिळाली तर एकदाच शो म्हणतो असं वाटत असेल, तर धोका ७५ चा निम्मा, साडेसदतीस. खोटी बोली लावणं इथे शो म्हणण्यापेक्षा थोडं सुरक्षित ठरतं. पुढचा भिडू दर वेळी शो म्हणणारा असेल तर मात्र मुळीच नाही. म्हणून आपल्या डावीकडे कोण बसलंय हे समोर कोण बसलंय त्याहून महत्त्वाचं.

शक्यता मोजताना आपला हात वजा करायला विसरू नका. एक नमुना घेऊ. टेबलावर १४ पत्ते, तुमच्याकडे ४. आधीच्याने “राजांची जोडी” म्हटलं. तुमच्याकडे दोन राजे असतील तर बोली खरीच आहे. एक असेल तर उरलेल्या १० पत्त्यांत आणखी एक निघण्याची शक्यता ५१ टक्के. एकही नसेल तर १९ टक्के.

पण १९ वर थांबू नका. बोलणाऱ्याने राजाच का निवडला? त्याच्याकडे एक राजा नक्की आहे असं समजा, जणू तो पत्ता उघडाच दिसतोय. मग उरलेल्या ९ अज्ञात पत्त्यांत दुसरा निघण्याची शक्यता ४८ टक्के. म्हणजे त्या माणसावर तुमचा विश्वास किती, यावर आकडा १९ ते ४८ च्या मध्ये कुठेतरी बसतो. एवढ्यासाठी डोकं तापवून अचूक आकडेमोड करायची गरज नाही. ‘माझ्याकडे एकही नाही, पण त्याच्याकडे बहुधा एक आहे, म्हणून तिसाच्या पुढे’ एवढा अंदाज पुरतो.

पहिले एक-दोन डाव वेगळे असतात. पाच जण, पाच पत्ते. एखादा एक्का निघण्याची शक्यता ३४ टक्के, एक्क्यांची जोडी ४ टक्के. त्यामुळे सगळी चढाओढ एकेरीत होते. तिथे एक डाव हमखास हातात ठेवा: उघडणाऱ्याने “राजा” म्हटलं आणि तुमच्याकडेही राजाच असेल, तर “एक्का” म्हणू नका. एक्का इतर चौघांकडे निघण्याची शक्यता २९ टक्केच. थेट “राजांची जोडी” म्हणा. तो खरं बोलत असेल तर तुमची बोली शंभर टक्के खरी आहे, आणि पुढच्याला ती सर्वांत अविश्वसनीय वाटेल.

ब्लफ कुठे फसतो

शून्यातून उभी केलेली खोटी बोली टिकत नाही. टिकाऊ ब्लफ दुसऱ्याच्या बोलीवर बांधलेला असतो. आधी कुणी राण्यांची जोडी म्हटलेलं, नंतर कुणी राजांची. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, तरी “राजे आणि राण्या” ही बोली ऐकायला सुसंगत वाटते. त्या दोघांनाही ती खरी वाटते, कारण त्यांनी आपापल्या हातातला भाग त्यात ओळखलेला असतो.

यातूनच एक सापळाही तयार होतो. पहिल्याने हातात एकही राणी नसताना राणी म्हटलं, दुसऱ्याने तिच्या आधारावर जोडी केली, तिसऱ्याने तिकडी, आणि उघडल्यावर टेबलावर एकच राणी. प्रत्येकाने मागच्याचा शब्द पुरावा म्हणून मोजला. म्हणून एकाच पत्त्याभोवती बोली तिसऱ्यांदा फिरली की विचारा: यातली *स्वतंत्र* माहिती किती जणांची? दुसऱ्याकडे नवी राणी होती की तो नुसता मागून चढला? विचार करायला लागलेला वेळ इथे बरंच सांगून जातो. हातात असलेल्या पत्त्याची बोली पटकन येते.

सतत खोटं बोलणारा भिडू धोकादायक नसतो, त्याला एक शो पुरतो. धोकादायक असतो तो, जो पहिल्या फेरीत आपल्या हातात असलेलंच बोलतो आणि ज्या एका डावात गरज पडते त्यातच खोटं बोलतो. पाच पत्ते हातात आलेत आणि आणखी एक हार म्हणजे बाद, अशा वेळी बहुतेक जण घाबरून लवकर शो म्हणतात. खरं तर त्याच वेळी तुम्हाला टेबलावरचे सर्वांत जास्त पत्ते दिसत असतात, तेव्हा तुमचा अंदाज इतरांपेक्षा चांगला असतो. एक पत्तेवाल्याने मारलेली उडी आणि पाच पत्तेवाल्याने मारलेली उडी यांना सारखं वजन देऊ नका.

दोघंच उरले की कोडं बरंच उघडं होतं. पाच आणि तीन असे आठ पत्ते, त्यांतले पाच तुमच्यासमोर. तीनच अज्ञात. तिथे कलर आणि सिक्वेन्स फक्त स्वतःच्या हातात निदान तीन-चार पत्ते जुळत असतील तरच बोलावेत, आणि तीन पत्तेवाल्याने पाचवाल्याच्या पहिल्या बोलीवर शो म्हणायची घाई करू नये. उघडताना पाचवाल्याकडे खरं बोलण्याजोगं काहीतरी बहुतेक वेळा असतंच.

पैसे लावण्याची या खेळाला गरज नाही. वाढणारा पत्ता हीच शिक्षा आणि हीच मदत. नव्या भिडूंना आधी २४ पत्ते देऊन चौघांत बसवा. सिक्वेन्स दोनच, कलर दुर्मिळ, म्हणून क्रमवारीकडे बघत बसावं लागत नाही आणि दुसऱ्याच डावापासून ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.